मधे वानराचं ढुंगण

एक होतं फणसाचं झाड. झाडाला होती ढोली. ढोलीत राहायची खार.

खारीचं नाव झिपरी. का झिपरी? तिची शेपटी कायम पिंजारलेली. कधी विंचरायची म्हणून नाही. कुणी काही बोललं तर म्हणायची, "माझी शेपटी. माझं मी बघीन!"

झिपरीला दोन पिल्लं. एक थोरलं, एक धाकटं. थोरलं धाकट्यापेक्षा कितीने मोठं? एका शिंकेने मोठं.

झाडाखाली घर. घर मथुराकाकीचं. पुढे अंगण, मागे बांध, बांधाच्या पलीकडे रान. रानातून काकीकडे रोज पाहुणे यायचे. कुणी उडत यायचं. कुणी चालत यायचं. विचारून मात्र कुणीच यायचं नाही.

एकदा काय झालं, दुपारी झिपरीला लागली तहान. पिल्लांना म्हणाली, "गप पडून राहा हं. मी पाणी पिऊन आलेच."

झिपरी खाली उतरली.
तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुरतुर, थांब!

न्हाणीपाशी दगडात पाणी साचलं होतं. झिपरी पाणी प्यायली. चुळुक चुळुक. चुळुक चुळुक. मिशा पुसल्या. परत निघाली.

तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुरतुर... अगंबाई!

वर येऊन बघते तर दारच नाही!

दार गेलं कुठे? दार तिथेच होतं. दारावर एक वानर बसला होता. हा एवढा मोठा. काळं तोंड, लांब शेपूट. अख्खा फणस खाल्ला होता त्याने. पोटाचा झाला होता नगारा. आणि ढुंगण? ढुंगण बरोबर ढोलीच्या तोंडात. बाटलीला बूच बसतं ना, तसं.

हसू नका. तिचं घर होतं ते.

आतून दोन बारीक आवाज आले, "चीं चीं!" थोरलं म्हणालं, "आई, अंधार झाला!"

झिपरी म्हणाली, "वानरदादा, वानरदादा, ऊठ!"

वानर म्हणाला, "का म्हणून?"

"हे माझं दार आहे."

"असं होय? मला वाटलं, खुर्ची आहे." आणि वानराने दिला ढेकर. ढ्यांऽऽव!

"माझी पिल्लं आत आहेत!"

"असू देत की. खालून गुदगुल्या करतायत. मला छान वाटतंय."

"त्यांना भूक लागली आहे!"

"मला नाही लागली," वानर म्हणाला. "नाही उठत जा!"

झिपरीने वानराला ढकललं. वानर हलेना. झिपरीने वानराची शेपटी ओढली. वानर हलेना. झिपरीने जीभ काढून दाखवली. वानराने तिच्याहून लांब जीभ काढून दाखवली.

मग झिपरी निघाली.
तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुरतुर, थांब!

अंगणात होता कुत्रा. त्याचं नाव भोंग्या. तो पाय पसरून पडला होता.

"भोंगेदादा, भोंगेदादा, वानरावर भुंक!"

"का म्हणून?"

झिपरी म्हणाली,

"वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

भोंग्या म्हणाला, "भुंकलो असतो गं. पण हा कान बघ. कानात गोचीड आहे. ही अशी टम्म! मी तोंड उघडलं की ती चावते. साळुंकी गोचीड काढील, तर मी भुंकेन. नाहीतर नाही भुंकत जा!"

"भोंग्या कसला? पिपाणी आहेस पिपाणी!" झिपरी म्हणाली आणि पळाली.

तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुरतुर, थांब!

न्हाणीच्या पत्र्यावर होती साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय. पंखातून चोच फिरवत होती, ऐटीत.

"साळूताई, साळूताई, गोचीड काढ!"

"का म्हणून?"

झिपरी म्हणाली,

"कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

"गोचीड?" साळुंकी म्हणाली. "कुत्र्याच्या कानातली? ईऽऽ! मी बाई आंघोळ केल्याशिवाय चोचीला काही लावत नाही."

"मग कर आंघोळ!"

"कुठे करू? डबक्यात म्हैस बसली आहे. म्हैस डबकं सोडील, तर मी आंघोळ करीन. मग गोचीड काढीन. नाहीतर नाही काढत जा!"

"काल शेणातले किडे खात होतीस. मी बघितलंय!"

"काल माझी आंघोळ झाली होती," साळुंकी म्हणाली.

तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुरतुर, थांब!

मागे डबकं. डबक्यात म्हैस. वर नुसती शिंगं, डोळे आणि नाक. बाकीची म्हैस चिखलात.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, डबकं सोड!"

"का... म्हणून?" म्हैस हळू बोलायची.

झिपरी म्हणाली,

"साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

म्हशीने एक कान हलवला. फटक! दुसरा कान हलवला. फटक!

"काय... म्हणालीस?"

ऐकलंच नव्हतं तिने. कानात चिखल होता. झिपरीने मोठा श्वास घेतला आणि कानापाशी जाऊन ओरडली,

"साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

"अस्सं... होय," म्हैस म्हणाली. "पण बाहेर... माश्या आहेत. पाठीला चावतात. बगळा पाठीवर बसेल, माश्या गट्ट करील, तर मी उठेन. नाहीतर... नाही सोडत जा!"

एवढं बोलून म्हशीने डोळे मिटले. तिच्या मागे डबक्यात बुडबुडे आले. बुडबुड बुडबुड. बुडबुड बुडबुड. ते कसले, हे झिपरीने विचारलं नाही. नाक दाबून पळाली.

तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुरतुर, थांब!

शेवग्याच्या शेंड्यावर होता बगळा. पांढराशुभ्र. एका पायावर उभा.

"बगळेबुवा, बगळेबुवा, खाली उतरा!"

"का म्हणून?"

झिपरी म्हणाली,

"म्हैस डबकं सोडेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

बगळ्याने मान लांब केली. मान आखूड केली. मग म्हणाला, "बांधावर बघा. काय दिसतं?"

"मुंगूस."

"ते काय करतं?"

"बसलंय."

"माझ्या पायांकडे बघतंय!" बगळा म्हणाला. "हे पाय कसे आहेत? शेवग्याच्या शेंगांसारखे. त्याला वाटतं, यांची आमटी करावी. मुंगूस जागचं हलेल, तर मी उतरेन. नाहीतर नाही उतरत जा!"

झिपरीने त्याचे पाय खालून वर बघितले. वरून खाली बघितले.

"या काटक्यांची आमटी? चव तरी लागेल का?"

बगळ्याला फार राग आला. त्याने पाय बदलला.

तुरतुर तुरतुर, थांब!
तुरतुर तुर... थांब. थांब. थांब.

बांधावर होतं मुंगूस. लाल डोळे, टोकदार तोंड. मुंगूस उंदीर खातं. मुंगूस सरडा खातं. मुंगूस खारही खातं. झिपरीला ते माहीत होतं. तिला वाटलं, जावं परत.

पण परत कुठे जाणार? दारावर तर...

झिपरी कुंपणाच्या खांबावर चढली. अगदी टोकावर. आणि तिथून म्हणाली,

"मुंगूसभाऊ, मुंगूसभाऊ, जागचं हल!"

"का म्हणून?" मुंगूस म्हणालं. "जरा खाली येऊन सांग. लांबून ऐकू येत नाही मला."

"ऐकू येत नाही? मग मी मोठ्याने ओरडते!" झिपरी म्हणाली. आणि ओरडली,

"बगळा खाली उतरेना,
म्हैस डबकं सोडेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

"पुरे पुरे, कान फुटले!" मुंगूस म्हणालं. "बगळ्याचे पाय कोण खातं? मी बघतोय त्या कोंबडीकडे. काकीची कोंबडी. कशी ठुमकत चालते बघ. सकाळपासून माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. सगळं पाणी सुटून घसा सुकला. कोंबडी खुराड्यात शिरेल, तर माझी आशा सुटेल. मग मी जाईन घरी. नाहीतर नाही हलत जा!"

"लाळ पूस आधी," झिपरी म्हणाली. पण हे ती हळूच म्हणाली. आणि खांबावरून उडी मारून जी पळाली ती पळालीच.

तुरतुर तुरतुर तुरतुर तुरतुर!
या वेळी मधे थांबली नाही.

घरामागच्या परड्यात होती कोंबडी. लाल तुरा, गोल गोल अंग. पुढे दोन पावलं, मागे एक पाऊल. कॉक कॉक कॉक.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, खुराड्यात शीर!"

"का म्हणून?"

झिपरी म्हणाली,

"मुंगूस जागचं हलेना,
बगळा खाली उतरेना,
म्हैस डबकं सोडेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

"मुंगूस माझ्याकडे बघतंय?" कोंबडीने विचारलं.

"हो! सकाळपासून!"

"बघू दे," कोंबडी म्हणाली. आणि तिने तुरा सरळ केला. "मी आहेच तशी."

"अगं, ते तुला खाईल!"

"इश्श!"

झिपरीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, जा ना आत!"

"आत काय आहे? आत अंधार. आणि माझीच शी. मथुराकाकी आत कण्या टाकील, तर मी शिरेन. नाहीतर नाही शिरत जा!"

तेवढ्यात वारा आला. वाऱ्याबरोबर फणसाच्या झाडावरून आवाज आला. "चीं... चीं..." आधी दोन आवाज होते. आता एकच येत होता. दुसरं पिल्लू रडून रडून दमलं होतं.

झिपरी पळाली.
तुरतुर तुरतुर!
तुरतुर तुरतुर!

पडवीत होती मथुराकाकी. काकीच्या कडेवर होती ठमी. ठमी काकीची लेक. अजून एक वर्षाची पण नाही. आणि ठमी काय करत होती?

"भ्याँऽऽऽ!"

"मथुराकाकी, मथुराकाकी, कण्या टाक!"

"काय म्हणतेस?" काकी म्हणाली. "हिच्या रडण्यात काही ऐकू येईल तर शपथ! का म्हणून टाकू?"

झिपरी म्हणाली,

"कोंबडी आत शिरेना,
मुंगूस जागचं हलेना,
बगळा खाली उतरेना,
म्हैस डबकं सोडेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे..."

"भ्याँऽऽऽ!" ठमी ओरडली. शेवटचं कुणालाच ऐकू आलं नाही.

"अगं खारूबाई," काकी म्हणाली, "माझे हात बघ. एका हातात ठमी. दुसऱ्या हातात ठमीचं दुपटं. ओलं! हिला दात येतोय. खुळखुळा दिला, तो फेकला. गूळ दिला, तो माझ्या केसांना लावला. काऊ दाखवला. काऊ हिला घाबरून उडून गेला. ठमी हसेल, तर मी हिला खाली ठेवीन. मग कण्या टाकीन. नाहीतर कशी टाकू, तूच सांग!"

मग झिपरी म्हणाली, "ठमाबाई, ठमाबाई, हस!"

ठमीने "का म्हणून" असं विचारलं नाही. ठमीला बोलायलाच येत नव्हतं.

"भ्याँऽऽऽ!"

झिपरीने कोलांटी उडी मारली. "भ्याँऽऽऽ!"

झिपरीने शेपटी डोक्यावर घेऊन टोपी केली. "भ्याँऽऽऽ!"

झिपरी गोल गोल गोल फिरली आणि चक्कर येऊन धपकन पडली. ठमीने एकदा बघितलं. मग आणखी मोठ्याने, "भ्याँऽऽऽ!"

आता कुणाकडे जायचं? ठमीच्या पुढे कुणी नव्हतं. उंबऱ्याशी येऊन सगळं संपलं होतं.

झिपरी उंबऱ्यावर बसली. पाय दुखत होते. डोळ्यांत पाणी आलं. कुणाला सांगायचं म्हणून नाही, आपलं आपल्याशीच ती हळू हळू म्हणाली,

"ठमी काही हसेना,
काकी कण्या टाकेना,
कोंबडी आत शिरेना,
मुंगूस जागचं हलेना,
बगळा खाली उतरेना,
म्हैस डबकं सोडेना,
साळुंकी गोचीड काढेना,
कुत्रा काही भुंकेना,
वानर काही उठेना!
पिल्लं माझी आत,
मी बाहेर उन्हात,
आणि मधे वानराचं ढुंगण!"

एकदम शांत झालं.

ठमी रडायची थांबली होती. एक अश्रू गालावर अर्ध्यात थांबला होता. ठमीने झिपरीकडे बघितलं. तोंड उघडलं.

"ढुं?" ठमी म्हणाली.

"हो," झिपरीने डोळे पुसले. "ढुंगण."

"ढुं!" ठमी म्हणाली. आणि खुदकन हसली! "ढुं ढुं! ढुं ढुं!" आणि खदाखदा हसली! हसता हसता तिचा नवा दात दिसला. तांदळाच्या कणीएवढा.

"अगं बया!" मथुराकाकी म्हणाली. "चार महिने मी हिला शिकवतेय, आई म्हण, आई म्हण. आणि पहिला शब्द कुठला? ढुं!"

काकीने खूप रागवायचं ठरवलं. पण तिला स्वतःलाच हसू आलं. हसून हसून तिच्या हातातलं दुपटं खाली पडलं.

ठमी हसली, काकीने ठमीला खाली ठेवलं.
काकीने कण्या टाकल्या. भुर्रर्र!
कण्या पडल्या, कोंबडी आत शिरली. कॉक कॉक, पकाक!
कोंबडी शिरली, मुंगूस जागचं हललं. "चला, आज उंदरावर भागवू," म्हणालं आणि रानात गेलं. सळसळ सळसळ.
मुंगूस हललं, बगळा खाली उतरला. फ्लप फ्लप फ्लप!
बगळा बसला, माश्या गट्ट झाल्या. म्हशीने डबकं सोडलं. फ...स्...स... फच्याक!
म्हैस उठली, साळुंकीने आंघोळ केली. फडफड फडफड, फुर्रर्र!
साळुंकी न्हाली, तिने डोळे मिटले, नाक मुरडलं आणि कानातली गोचीड काढली. टुच्!
गोचीड निघाली, भोंग्याने कान झटकले. तोंड उघडलं. एकदा जपून, बारीक आवाजात म्हणाला, "भू?"

काहीच चावलं नाही.

"भू! भू! भों! भों! भों भों भोंऽऽऽ!"

कौलं हलली. शेवगा हलला. फणसाची पानं गळली. आणि वर वानर दचकला. हूप! त्याने मारली उडी.

पण उडी काही झाली नाही.

वानर परत म्हणाला, "हूप!" परत उडी मारली. नाही झाली.

"अरे, हे काय?" वानर म्हणाला. "मी उठतोय. ढुंगण उठत नाही!"

काय झालं होतं माहीत आहे? फणस खाताना फणसाचा चीक खाली गळला होता. चीक म्हणजे डिंकासारखा, आणखी चिकट. वानर त्यावरच बसला होता. उन्हात चीक वाळला आणि वानर चिकटला. पक्का!

खाली भोंग्या. "भों भों भों!"

"झिपरे, झिपरे, मला ढकल!" वानर म्हणाला.

झिपरी फांदीवर आली. दमली होती. पण आरामात बसली. शेपटी पुढे घेतली. एक एक केस बघितला. मग म्हणाली, "का म्हणून?"

"कुत्रा खाली आहे! मला भीती वाटते!"

"असं होय? मला नाही वाटत."

"ढकल गं!"

"आधी म्हण, चुकलो."

"चुकलो," वानर पुटपुटला.

"माझ्या कानात चिखल आहे. मोठ्याने म्हण."

"चुकलोऽऽ!" वानर ओरडला. अंगणात काकीला ऐकू गेलं. डबक्यापाशी म्हशीला ऐकू गेलं. रानात मुंगसालाही ऐकू गेलं.

"आता कान धर."

"एक की दोन?"

"दोन!"

वानराने एका हाताने एक कान धरला. दुसऱ्या हाताने दुसरा कान धरला. म्हणजे फांदी कोणत्या हाताने धरली? कोणत्याच नाही! वानर पुढे झुकला. आणखी झुकला. आणखी झुकला. आणि...

फट्टाक्!

ढुंगण सुटलं! वानर सुटला! या फांदीवरून त्या फांदीवर, त्या फांदीवरून कौलांवर, कौलांवरून आंब्यावर. मागे ढुंगण चोळत, पुढे हूप हूप करत तो पार रानाच्या पलीकडे गेला. तिथे त्याने बसायच्या आधी फांदी दहा वेळा तपासली. मग उभाच राहिला.

झिपरीच्या दारावर काय उरलं? वानराचे केस. मऊ मऊ, करडे करडे. मूठभर चिकटले होते. झिपरीने ते ओढून काढले. "हे माझ्या खुर्चीचं भाडं!" म्हणाली आणि केस घेऊन आत शिरली.

आत पिल्लं होती. थोरलं म्हणालं, "चीं?" धाकटं काहीच म्हणालं नाही. झिपरीने त्याला नाकाने हलवलं. एकदा हलवलं. दोनदा हलवलं. धाकट्याने तोंड उघडलं, जांभई दिली आणि ते आईला शोधायला लागलं.

मग दोघं प्यायली. चुट चुट. चुट चुट. पोटं झाली गोल गोल. झिपरीने वानराचे केस खाली अंथरले. गादी झाली ऊबदार. झिपरीने दोघांना जवळ घेतलं. तिला किती बरं वाटलं! तेवढ्यात धाकट्याचा एक डोळा उघडला. आयुष्यात पहिल्यांदा उघडला. मग दुसरा उघडला. धाकट्याने आईकडे टक लावून बघितलं.

झिपरी म्हणाली, "ओळखलंस का रे मला?"

धाकट्याने ओळखलं. आणि आईच्या अंगावर शू केली.

गोष्ट आमची ढोलीत शिरली,
शेपटी तेवढी बाहेर उरली.